मृगातल्या तान्ह्या ताऱ्याचा एक्स-रे

गेल्या थंडीत सोसायटीच्या गच्चीवर छोटी दुर्बीण लावून मुलांना मृग नक्षत्र दाखवत होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू फोन घेऊन वर आल्या. त्यांना कुणीतरी एक फोटो पाठवला होता. काळ्याभोर पाटीवर निळे, हिरवे, लाल असे शेकडो ठिपके आणि खाली एक ओळ, 'मृगातल्या तेजोमेघाचा एक्स-रे'. काकू म्हणाल्या, "अरे, माझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढतात तेव्हा एका बाजूने किरण सोडतात नि दुसऱ्या बाजूला प्लेट धरतात. इथे किरण सोडले कुणी आणि प्लेट धरली कुणी?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. गच्चीवर उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धंमुर्धं होतं. ते इथे पुरं करतो.

किरण सोडले कुणी?

ताऱ्यांनीच. दवाखान्यात यंत्र किरण सोडतं, आपलं हाड ते अडवतं आणि प्लेटवर हाडाची सावली उमटते. आकाशाच्या फोटोत सावलीचा संबंध नाही. तिथे जो ठिपका दिसतो तो स्वतःच क्ष-किरण सोडतोय. दिवाळीत लांबच्या डोंगरावरून गावातले दिवे दिसावेत, तसं.

राँटगेनला १८९५ साली सापडलेले क्ष-किरण म्हणजे वेगळं काही नव्हे, प्रकाशच. फक्त आपल्या डोळ्यांना दिसतो त्या प्रकाशापेक्षा शेकडो ते हजारो पटींनी जास्त ऊर्जेचा. आता लोहाराची भट्टी आठवा. लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. जितकं तापवाल तितक्या जास्त ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस आहे, म्हणून तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात झळकतो. पदार्थाने भरभरून क्ष-किरण सोडावेत असं वाटत असेल, तर त्याला दहा लाख अंशांच्या पुढे न्यावं लागतं.

कोडं इथूनच सुरू होतं. मोठ्यात मोठ्या ताऱ्याचा पृष्ठभागसुद्धा चाळीस-पन्नास हजार अंशांच्या आसपासच थांबतो. त्यातून अतिनील किरणांचा लोट निघेल, क्ष-किरण जवळजवळ शून्य. तरीही हे तारे फोटोत ढळढळीत दिसतात.

आधी तारा तर ओळखून घेऊ

मृगाचे चार पाय म्हणजे चार ठळक तारे आणि पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण. हे आपल्याकडे लहानपणीच दाखवतात. त्या बाणाच्या दक्षिणेला थोडं खाली, तीन फिकट ठिपक्यांची एक उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका जरा धुरकट वाटतो. तो तारा नव्हे, वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे. मृगातला हा तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षं दूर आहे. साध्या दुर्बिणीतून त्याच्या गाभ्यात चार तारे समलंब चौकोनात बसलेले दिसतात. त्यांतला सर्वांत तेजस्वी तो थीटा-१ ओरायनिस सी. नाव लांबलचक आहे, म्हणून यापुढे त्याला 'थीटा' म्हणतो.

सूर्याच्या आठपटीहून जास्त वस्तुमानाच्या ताऱ्याला खगोलशास्त्रात 'जड तारा' म्हणतात. थीटा तर सूर्याच्या तीसपटीहून जड आहे आणि त्याचं तेज दोन लाख सूर्यांच्या घरात जातं. सबंध तेजोमेघ उजळून निघतो तो मुख्यतः या एकट्याच्या जिवावर.

आणि तो अगदी तान्हा आहे. सूर्याचं वय ४६० कोटी वर्षं. ते आपण ४६ वर्षं धरू, म्हणजे सूर्य एक मध्यमवयीन गृहस्थ. या मापाने थीटाच्या आसपासच्या ताऱ्यांचं वय चार-आठ दिवसांचं भरतं. इतके जड तारे इंधन फार उधळतात. याच मापाने थीटाचं सारं आयुष्य अडीच-तीन आठवड्यांचं. बारसं होऊन आठवडा सरतो न सरतो तोच शेवट जवळ येतो. म्हणूनच असे तारे आपल्याला बहुतेकदा जन्मस्थानीच, इतर तान्ह्या ताऱ्यांच्या घोळक्यात सापडतात. घर सोडून लांब जायला त्यांना वेळच मिळत नाही.

सूर्यही क्ष-किरण सोडतो, मग यात नवल ते काय?

हा आक्षेप रास्त आहे. सूर्याभोवती खग्रास ग्रहणात दिसणारं प्रभामंडल दहा ते वीस लाख अंश तापलेलं असतं आणि त्यातून क्ष-किरण येतात. पण त्यामागची यंत्रणा वेगळी आहे. सूर्याचा बाहेरचा थर पातेल्यातल्या आमटीसारखा सतत उकळत असतो. गरम वायू वर, थंड वायू खाली. या ढवळण्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं, पिळलं जातं, तुटतं, आणि त्यातून वरचा वायू तापतो.

जड ताऱ्याच्या बाहेरच्या थरात अशी उकळी नसते. तिथली ऊर्जा प्रकाशाच्याच रूपाने थरांतून वाट काढत बाहेर येते. उकळी नाही तर सूर्यासारखं प्रभामंडलही नसणार, म्हणजे क्ष-किरणही नसावेत, असा सरळ हिशेब होता. तो फसला १९७८ च्या डिसेंबरात. आइन्स्टाइन वेधशाळा नावाचा उपग्रह महिन्याभरापूर्वीच अवकाशात गेला होता. उपकरणं तपासण्यासाठी त्याला हंस तारकासमूहातल्या एका ओळखीच्या क्ष-किरण स्रोताकडे वळवलं, तर त्याच चौकटीत शेजारच्या ताऱ्यांच्या एका घोळक्यातले जड तारे लखलखताना दिसले. कुणी ते शोधायला गेलं नव्हतं.

पुढे अशा ताऱ्यांची मोजदाद झाली तेव्हा एक ठोकताळा हाती आला. जड तारा एकूण जितकी ऊर्जा सोडतो, तिचा साधारण एक कोटीवा हिस्सा क्ष-किरणांत जातो. तारा जितका तेजस्वी, तितके त्याचे क्ष-किरण जास्त. म्हणजे त्यांचं मूळ ताऱ्याच्या प्रकाशातच कुठेतरी असणार.

प्रकाशाचा ढकलणारा हात

प्रकाश वस्तूला ढकलतो. आपल्याला ते जाणवत नाही, कारण तो धक्का अतिशय सूक्ष्म असतो. पण दोन लाख सूर्यांचं तेज एकाच ताऱ्यातून बाहेर पडत असेल तर? त्याच्या बाहेरच्या थरातले कार्बन, नायट्रोजन, लोह यांचे अणू अतिनील प्रकाश शोषतात आणि प्रत्येक घासाबरोबर बाहेर ढकलले जातात. सोबत बाकीचा वायूही ओढला जातो. ताऱ्यातून चहूकडे सुटणाऱ्या या झोताला 'तारकीय वारा' म्हणतात.

वारा हा शब्द फार सौम्य आहे. जड ताऱ्यांचा वारा सेकंदाला दोन हजार किलोमीटर आणि त्याहूनही वेगाने वाहतो. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. हा वारा ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात कापेल. सूर्यही वाऱ्यातून वस्तुमान गमावतो, पण थीटाची गळती त्याच्या कोटीपटींहून जास्त आहे.

आता क्ष-किरणांकडे येऊ. वेगाने जाणारा वायू कशावर तरी आदळून थबकला की त्याच्या वेगाची उष्णता होते. हातोडीने खिळा ठोकून झाल्यावर त्याच्या डोक्याला बोट लावा, कोमट लागतं. तीच गोष्ट. वायूत अशी टक्कर झाली की एक तीव्र सीमा तयार होते, तिला 'आघात-तरंग' म्हणतात. हिशेब सोपा आहे. टकरीचा वेग सेकंदाला ५०० किलोमीटर असेल तर वायू सुमारे ३५ लाख अंशांवर जातो. वेग दुप्पट, म्हणजे १,००० किलोमीटर झाला तर तापमान दुप्पट होत नाही, चौपट होतं: सुमारे १ कोटी ४० लाख अंश. वाऱ्यातला एक भाग दुसऱ्यावर आदळला, की क्ष-किरणांना लागणारी आच तयार.

पण सगळा वारा एकाच दिशेने बाहेर जातोय, मग आदळेल कशावर? याचं उत्तर मला फार आवडतं. गावच्या जत्रेतला कुस्तीचा फड डोळ्यांसमोर आणा. दाटीत आपण दुसऱ्याच्या डोक्याआड उभे आहोत, काही दिसत नाही. जरा बाजूला सरकलो की दिसू लागतं. वाऱ्यातला वायूचा एखादा पुंजका असाच ताऱ्याच्या बाजूच्या, आतल्या वायूच्या 'सावलीत' असतो. त्याला हवा तो प्रकाश आतल्या वायूने आधीच शोषलेला असतो. पण या पुंजक्याचा वेग चुकून किंचित वाढला, तर त्याला लागणारा प्रकाशाचा रंगही किंचित बदलतो, आणि त्या रंगाचा प्रकाश अजून कुणी खाल्लेला नसतो. मग त्याला ताजा धक्का मिळतो, तो आणखी वेगाने निघतो, आणखी सावलीबाहेर येतो. वारा अशा रीतीने आपोआप बिघडतो. काही पुंजके सुसाट, काही रेंगाळणारे. सुसाट पुंजके पुढच्यांवर जाऊन आदळतात. या टकरींतले वेग सेकंदाला काहीशे किलोमीटरचे, म्हणून तापमान काही लाख ते काही दशलक्ष अंश. बहुतेक जड ताऱ्यांचे क्ष-किरण असेच निपजतात.

थीटाचा हिशेब मात्र जुळेना

थीटाचा वायू ३० लाख नाही, ३ कोटी अंशांच्या आसपास तापलेला निघाला. त्याचे क्ष-किरणही एक कोटीव्या हिश्श्याच्या ठोकताळ्यापेक्षा दसपटीने जास्त. नुसत्या क्ष-किरणांत तो सूर्याच्या एकूण तेजाचा साधारण पाव हिस्सा ओततो. शिवाय त्याच्या वर्णपटातल्या रेषा अरुंद होत्या. वर्णपट म्हणजे किरणांची त्यांच्या ऊर्जेप्रमाणे केलेली मांडणी. त्यातल्या रेषा रुंद असतील तर वायू वेगाने पळतोय, अरुंद असतील तर तो जवळजवळ जागच्या जागी आहे, असं समजतं. सुसाट वाऱ्यातला सर्वांत तप्त वायू जागच्या जागी कसा?

आणखी एक धागा होता. दर १५.४ दिवसांनी थीटात ठरावीक बदल दिसायचे. आधी ते दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात लक्षात आले, मग १९९७ साली रोसॅट उपग्रहाच्या निरीक्षणांतून क्ष-किरणांतही तीच लय सापडली. त्याच वर्षी बाबेल आणि माँमेर्ल या शास्त्रज्ञांनी म्हटलं, की या ताऱ्याला स्वतःचं बळकट चुंबकीय क्षेत्र असलं पाहिजे. तेव्हा ते कुणी मोजलेलं नव्हतं. २००२ साली मोजलं गेलं. ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवावर सुमारे १,१०० गॉस. पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास असतं.

या क्षेत्राने काय होतं ते कळायला कराडला चला. तिथे कृष्णा आणि कोयना एकमेकींना समोरासमोर भेटतात, दोघींचं पाणी एकमेकांवर थडकतं आणि मग वळून पूर्वेला निघतं. म्हणून त्याला प्रीतिसंगम म्हणतात. थीटावर असेच दोन प्रवाह आहेत. ताऱ्याच्या उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतून सुटलेला वारा भारित कणांचा असल्यामुळे चुंबकीय बलरेषा सोडून जाऊ शकत नाही. बलरेषा कमानीसारख्या एका गोलार्धातून दुसऱ्यात वळलेल्या. दोन्ही बाजूंचा वारा त्या कमानीवरून धावत येतो आणि बरोबर मध्यावर, चुंबकीय विषुववृत्तावर, समोरासमोर धडकतो. पुंजक्यांची मागून लागणारी धडक आणि ही समोरासमोरची टक्कर यांत फरक पडणारच. सेकंदाला १,५०० किलोमीटर वेगाची टक्कर धरली तर वरच्या हिशेबाने तापमान येतं सुमारे ३ कोटी अंश. जे मोजलं होतं तेच. टकरीनंतर वायू कमानीत अडकून थबकतो, म्हणून रेषा अरुंद.

आणि १५.४ दिवसांची लय? चुंबकाचा अक्ष ताऱ्याच्या फिरण्याच्या अक्षाशी तिरका आहे. चुंबकीय विषुववृत्ताभोवती टकरीतून तापलेला वायू ताटासारखा पसरलेला असतो; ही तप्त चकती तारा फिरताना कधी आपल्याला वरून दिसते, कधी कडेने. कडेने दिसते तेव्हा तिचा काही भाग ताऱ्याच्याच आड जातो आणि क्ष-किरण कमी होतात. या कमी होण्यावरून तप्त वायू ताऱ्याच्या अगदी लगत आहे, हेही कळलं.

सगळ्या जड ताऱ्यांत असं नसतं. मोठ्या पाहण्यांत दहांतल्या एकालाही असं मोजता येण्याजोगं चुंबकीय क्षेत्र सापडलं नाही. थीटा हा अपवाद आहे, आणि त्या अपवादानेच टकरीचा हिशेब इतका स्वच्छ तपासून दिला.

सोबतच्या लहान ताऱ्याचे किरण आपण याच्या नावावर तर टाकत नाही ना?

टाकण्याची शक्यता पुरेपूर असते. जड तारे सहसा एकटे नसतात, थीटालाही सोबती आहे. आणि सूर्याएवढे तान्हे तारे क्ष-किरणांत फार दंगेखोर असतात. सूर्याच्या दुप्पट-तिप्पट वस्तुमानाच्या, ना उकळी ना जोरदार वारा अशा ताऱ्यांकडून क्ष-किरण आल्यासारखे दिसतात तेव्हा ते बहुधा जवळच्या लहान सोबत्याचेच असतात. थीटाच्या बाबतीत मात्र क्ष-किरणांची लय त्याच्या स्वतःच्या फिरण्याशी तंतोतंत जुळते. सोबत्याला ती लय पाळण्याचं कारणच नाही.

आणि प्लेट धरली कुणी?

जमिनीवर धरून उपयोग नाही. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन दहा मीटर उंच पाण्याच्या थराइतकं आहे आणि आकाशातले क्ष-किरण त्यात पार विरून जातात. या ताऱ्यांपासून आपल्याला काही अपाय होतो का, हेही काकूंनी विचारलं होतं. नाही. अंतरानेच ते नगण्य झालेले असतात, उरलेसुरले ही हवा गिळते.

म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. काकूंच्या फोनवरचा फोटो चंद्रा वेधशाळेचा होता. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली ही दुर्बीण जुलै १९९९ मध्ये अवकाशात गेली. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर आत घुसून जातात. पण चपटा दगड तळ्यात तिरका फेकला की तो बुडण्याऐवजी टप्पे घेत जातो, तसे हे किरण अगदी तिरके पडले की आरशावरून परततात. चंद्राचे आरसे म्हणून नळकांड्यांसारखे, एकात एक बसवलेले आहेत. तिची नजर इतकी तीक्ष्ण, की अडीच सेंटिमीटरचं नाणं दहा किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा बारकावा तिला टिपता येतो. तारे खेटून बसलेल्या या तेजोमेघात तेवढी नजर लागतेच.

जानेवारी २००३ मध्ये चंद्राने जवळजवळ तेरा दिवस मृगातल्या या एकाच जागेवर नजर खिळवली. १,६१६ क्ष-किरण स्रोत सापडले, त्यांतले बहुतेक तान्हे तारे. गंमत अशी, की थीटा इतका प्रखर होता की त्याच्या जागी कॅमेऱ्याची मोजणीच कोलमडली. क्ष-किरणांचे दोन-दोन कण एकदम येऊन एकच असल्यासारखे नोंदले जात होते. त्याचा नीट अभ्यास करायला किरण फाकवणारी वेगळी जाळी वापरावी लागली.

फोटोतले रंग खोटे आहेत का, असं बरेच जण विचारतात. डोळ्यांना क्ष-किरण दिसत नाहीत, तेव्हा रंग माणसानेच दिलेले असतात, पण ते मनाला येईल तसे नसतात. कमी ऊर्जेच्या किरणांना लाल, मधल्यांना हिरवा, जास्त ऊर्जेच्यांना निळा. निळा ठिपका म्हणजे बहुधा फार तप्त वायू, किंवा धुळीत खोल गाडलेला तारा. धूळ आधी कमी ऊर्जेचे किरण खाते आणि जोरकस तेवढे बाहेर सोडते. जी धूळ दृश्य प्रकाश दहा कोटी पटींनी मंदावते, तिच्यातूनही असे जोरकस क्ष-किरण बरेचसे पार येतात. ढगात दडलेले नवजात तारे त्यामुळेच मोजता येतात.

आपल्याकडेही ही विद्या आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवरची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाली. तिची नजर चंद्राइतकी बारीक नाही, मृगातला घोळका तिला वेगवेगळा करता येत नाही. पण एकट्यादुकट्या प्रखर स्रोतांवर तिने चांगलं काम केलं आहे.

एवढं करून हाती काय लागतं?

पहिलं, ताऱ्याची गळती. झीटा पपिस या जड ताऱ्याच्या क्ष-किरण रेषा एका बाजूला कललेल्या दिसतात, कारण ताऱ्याच्या पलीकडच्या वाऱ्यातले किरण आपल्याकडे येताना वाऱ्यातच शोषले जातात. किती शोषले गेले यावरून वाऱ्यात किती वायू आहे ते निघतं. तो आकडा जुन्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाला. जड ताऱ्याने आयुष्यभरात किती वस्तुमान गमावलं यावर त्याच्या शेवटी काय उरणार हे ठरतं, न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर. म्हणून हा आकडा चुकून चालत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. थीटाभोवती सूर्यासारखे शेकडो तारे आत्ता जन्मताहेत आणि त्यांतल्या अनेकांभोवती ग्रह घडवणाऱ्या वायू-धुळीच्या चकत्या आहेत. थीटाचे अतिनील किरण जवळच्या चकत्या अक्षरशः वाळवून नेतात, हबल दुर्बिणीच्या चित्रांत त्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात. तान्ह्या सूर्यांचे स्वतःचे क्ष-किरण आजच्या सूर्याच्या हजारपटीहून जास्त आहेत आणि ते चकत्यांच्या आत शिरून वायूला विद्युतभारित करतात. भारित वायूवर चुंबकाची पकड बसते, त्याने चकतीतला वायू ढवळला जातो, आणि धुळीचे कण कुठे साचतील, म्हणजे ग्रह कुठे घडतील, यावरही त्याचा परिणाम होतो. आपली पृथ्वीही कधीकाळी अशाच एका दंगेखोर बाळाच्या उजेडात घडली.

२००८ साली एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीला या तेजोमेघात आणखी काही दिसलं. जिथे दृश्य प्रकाशात पोकळी आहे असं वाटत होतं तिथे दहा-वीस लाख अंशांचा विरळ वायू भरलेला होता. थीटाच्या वाऱ्याने तापवलेला हा वायू तेजोमेघाच्या कडेने गळून शेजारच्या एरिडॅनस तारकासमूहाच्या दिशेने पसरलेल्या एका महाप्रचंड बुडबुड्यात जातोय.

काकूंना आता ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे. जानेवारीच्या मध्यावर रात्री नऊ-दहाच्या सुमारास मृग दक्षिणेकडे बराच वर आलेला असतो. बाणाच्या खालचा मधला धुरकट ठिपका साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. थीटा त्याच्या गाभ्यात आहे.